बगीच्यातलं हवामान यंत्र आणि त्याचा अंदाज: घ्यावं की नाही?

मोर्शी तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा संत्र्याचा बगीचा आहे. खालच्या वावरात सोयाबीन-तूर आणि थोडी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. शेजारच्या बगीचेवाल्यांनी मिळून एका खाजगी कंपनीचं हवामान यंत्र घेतलं. ते आमच्या बगीच्यात उभं आहे आणि त्याची देखरेख माझ्याकडे आहे. वरुडपासून चांदूरबाजारपर्यंत आता असे खांब बरेच दिसायला लागलेत. नातेवाईकांचे, ओळखीच्यांचे फोन येतात, "वहिनी, आम्ही पण घ्यावं म्हणतो, कसं आहे?" फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते. कंपनीचं नाव देत नाही. अशी यंत्रं विकणारे बरेच आहेत आणि मला सांगायचंय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडतं.

यंत्र चांगलं आहे, घ्यायला हरकत नाही. त्याच्यासोबत "तुमच्या शेताचा अचूक अंदाज" म्हणून जे विकतात ते मात्र तपासून घ्या. यंत्र जे मोजतं ते त्या अंदाजात मिसळलं जात असेल, तरच त्या अंदाजाला तुमच्या शेताचा म्हणता येईल. आमच्याकडे सुरुवातीला ते मिसळलं जात नव्हतं.

यंत्र म्हणजे लोखंडी खांब, त्यावर सौर पट्टी, बॅटरी आणि सिमकार्ड असलेला डबा. तापमान आणि आर्द्रता मोजणारा भाग पांढऱ्या चकत्यांच्या आत असतो, म्हणजे त्यावर थेट ऊन पडत नाही. वाऱ्याच्या वेगासाठी फिरत्या वाट्या, दिशेसाठी बाण, पावसासाठी वरून उघडं नरसाळं. झाडाच्या फांदीत पानाच्या आकाराची एक पातळ पट्टी अडकवलेली आहे, ती पान किती वेळ ओलं राहिलं ते मोजते. जमिनीत दोन खोलींवर ओलावा मोजणाऱ्या सळया. दर पंधरा मिनिटांनी सगळे आकडे मोबाइलवर येतात. लावणीसकट 40,000 रुपयांच्या आसपास खर्च आला, दुसऱ्या वर्षापासूनची वर्गणी वेगळी. एकट्याला जड जातं, पण सारख्या जमिनीचे, एका शिवारातले चार-पाच जण असले तर झेपतं.

आता त्या अंदाजाची गोष्ट. यंत्र लावल्यावर पहिल्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी ओसरीत बसलो होतो. बाहेर चांगल्या धारा लागलेल्या. मामाजींनी विचारलं, "सूनबाई, तुया मोबाइल का म्हणते?"

"आज रात्री कोरडं राहील म्हणते, मामाजी."

"अन् हे वरून पडून राह्यलं थे का हाय मंग?"

मी ॲपमध्ये यंत्राचं पान उघडलं. तिथे पाऊस बरोबर दिसत होता, मिलिमीटरचा आकडा वाढत चाललेला. अंदाजाच्या पानावर त्याच वेळी स्वच्छ चंद्र. एकाच ॲपची दोन पानं आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. म्हणजे आम्ही ज्याच्यासाठी पैसे मोजले ते यंत्र फक्त नोंद ठेवत होतं. अंदाज कुठून तरी तिसरीकडूनच येत होता.

मदत केंद्राला फोन केला. पहिल्या मुलाने ठरलेली उत्तरं दिली: नेटवर्क तपासा, ॲप अपडेट करा. मी सोडलं नाही. शेवटी त्यांच्या तांत्रिक विभागातल्या एका माणसाने सरळ सांगितलं, की अंदाज एका जागतिक मॉडेलमधून घेतात आणि आमच्या अक्षांश-रेखांशावर तो आकडा बसवतात. यंत्राच्या मोजणीने तो दुरुस्त करायची सोय आहे, पण आमच्या खात्यावर ती चालूच केलेली नाही. त्याने ती चालू करून दिली. खरं सांगितलं याबद्दल त्या माणसाचे मी आभार मानले, पण विकताना ही गोष्ट कोणीच सांगितली नव्हती.

तेव्हापासून मी या विषयाचं जमेल तसं वाचत गेले आणि त्यातलं काही इथे सांगते, कारण ते कळल्याशिवाय कोणत्याच हवामान ॲपची पारख करता येत नाही.

संगणकाचं मॉडेल म्हणजे हवेच्या हालचालीचे नियम. वारा, दाब, उष्णता, वाफ, ढग यांची गणितं. पृथ्वीवरची हवा चौकोनांत वाटून, खालपासून वरपर्यंत थर पाडून, प्रत्येक चौकोनात पुढच्या काही मिनिटांत काय होईल हे ते काढतं, मग त्याच्या पुढच्या काही मिनिटांचं, असं करत दहा दिवसांपर्यंत जातं. नियम पक्के असले तरी सुरुवात कुठून करायची हा प्रश्न उरतोच. या घडीला कोणत्या चौकोनात हवा कशी आहे, हे त्याला बाहेरून सांगावं लागतं. आणि मोजमापं तर सगळीकडे नाहीत. नागपूरहून हवामान खात्याचा हवा मोजणारा फुगा वर जातो, तसे देशात ठरावीक ठिकाणांहूनच जातात. समुद्रावर जहाजं, तरंगते बोये आणि उपग्रह, एवढंच. विमानं उडता उडता वाऱ्याची आणि तापमानाची नोंद पाठवतात. 2020 मध्ये टाळेबंदीत विमानं थांबली तेव्हा जगभरच्या हवामान केंद्रांना ही नोंद कमी पडली होती.

मोकळ्या राहिलेल्या जागा कशा भरायच्या? आमच्याकडे संत्र्याचा व्यापारी उभा बगीचा घेतो तेव्हा तो हेच करतो. झाडांचं वय आणि मागच्या सालचं उत्पन्न पाहून मनात एक आकडा धरूनच तो येतो, मग मधली काही झाडं खरोखर मोजतो आणि त्या मोजणीप्रमाणे मनातला आकडा खालीवर करतो. मोजलेली झाडं बांधाकडची, पाण्याजवळची असतील तर त्यांच्यावर कमी विसंबतो. मॉडेलचंही तसंच आहे. सहा तासांपूर्वीच्या अंदाजाने "आत्ता हवा अशी असेल" म्हणून एक चित्र दिलेलं असतं. त्या चित्राशी आलेली प्रत्येक नोंद ताडून पाहतात. कोणत्या साधनाची चूक साधारण किती असते आणि मॉडेलची स्वतःची चूक किती असते, हे धरून दोघांमधला सुवर्णमध्य काढतात. तिथून पुढचा अंदाज चालतो, आणि सहा तासांनी पुन्हा तेच. याला डेटा असिमिलेशन म्हणतात. हवामानाच्या अंदाजातलं निम्मं कसब इथे आहे असं मला आता वाटतं.

नुसती मोजमापं भरूनही भागत नाही, हे फार आधी सिद्ध झालंय. लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने संगणक नसताना कागदावर गणित मांडून अंदाज काढून पाहिला आणि 1922 मध्ये पुस्तकात छापला. 20 मे 1910 या दिवसाचं, मध्य युरोपातलं गणित. त्याच्या हिशोबाने सहा तासांत हवेचा दाब 145 हेक्टोपास्कलने वाढायला हवा होता. प्रत्यक्षात त्या दिवशी हवा जवळजवळ स्थिर होती. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा त्याची समीकरणं बरोबर निघाली. वारा आणि दाब यांची कच्ची मोजमापं एकमेकांशी जुळवून न घेता तशीच भरली होती, म्हणून सगळं बिघडलं. आज युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान केंद्राचा अंदाज जगात सगळ्यांत भरवशाचा धरतात. त्यामागे 1997 पासून त्यांनी रोजच्या कामात आणलेली पद्धत आहे, जी काही तासांच्या काळातली मोजमापं ज्या त्या वेळेप्रमाणे बसवून घेते.

तांत्रिक विभागातल्या माणसाने आमच्या खात्यावर जे चालू केलं ते मात्र हे नाही. हा फरक विकणारे सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. असिमिलेशन मॉडेल चालण्याआधी, सुरुवातीला होतं. आमच्या एका खांबाची नोंद कोणत्याही जागतिक मॉडेलच्या सुरुवातीला जात नाही. आमच्याकडे होते ती शेवटची दुरुस्ती. मॉडेलने काल आमच्या जागेसाठी काय सांगितलं आणि यंत्राने काय मोजलं, यातला फरक रोज पाहायचा, आणि तो फरक सतत एकाच बाजूला पडत असेल तर उद्याच्या आकड्यातून तेवढा वजा करायचा. नवीन फरकावर किती विश्वास ठेवायचा आणि जुन्या हिशोबावर किती, हे ठरवायचं गणित अभियंता रुडॉल्फ काल्मन यांनी 1960 मध्ये मांडलेल्या पद्धतीवर चालतं. असिमिलेशनमधलं आणि यातलं गणित एकाच घराण्यातलं आहे. पण या शेवटच्या दुरुस्तीने तापमान सुधारतं, वादळ सुधारत नाही.

तापमान खरोखर सुधारलं. आमचा बगीचा नाल्याच्या काठी खोलगटात आहे. डिसेंबर-जानेवारीत आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की रात्री थंड हवा वरच्या वावरांतून उतरून इथे साचते. मॉडेलच्या चौकोनात डोंगर, गाव, वावर सगळं एकत्र येतं, त्यामुळे ॲप आमची रात्र नेहमी दोन-तीन अंशांनी उबदार दाखवायचं. दुरुस्ती चालू झाल्यावर काही आठवड्यांत हा फरक अंशभराच्या आत आला. आर्द्रतेचंही तसंच झालं. आंबिया बहारासाठी झाडांचं पाणी तोडून ताण द्यायचा काळ नेमका तोच असल्याने रात्रीचं तापमान आणि जमिनीतला ओलावा एकत्र पाहता येणं मोठी सोय आहे.

सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो पान ओलं राहण्याच्या नोंदीचा. श्रावण-भादव्यात झड लागली की संत्र्यावर फायटोफ्थोराचा जोर होतो, फळं तपकिरी पडून गळतात, बुंध्याला डिंक्या येतो. हा बुरशीसारखा रोगजंतू ओलीत फोफावतो; पाऊस किती पडला यापेक्षा ओल किती वेळ टिकली याला जास्त महत्त्व. पूर्वी आम्ही पाऊस थांबला की अंदाजाने बोर्डो मिश्रण फवारायचो, कधी लवकर, कधी उशिरा. आता ओलेपणाचे तास दिसतात आणि पुढच्या दोन दिवसांत फवारणीपुरती उघाड आहे का, वारा किती असेल, हेही बाजूला दिसतं. या एका गोष्टीत मोजमाप आणि अंदाज खऱ्या अर्थाने हातात हात घालून चालतात. फवारण्या कमी झाल्या आणि ज्या केल्या त्या वेळेवर झाल्या. यंत्राचे पैसे माझ्या मते इथेच वसूल झाले.

जमिनीतल्या सळयांबद्दल मात्र मी समाधानी नाही. आमची काळी माती उन्हाळ्यात फाटते. भेग नेमकी सळईला लागून पडली की मातीचा स्पर्श सुटतो आणि आकडा एकदम खाली येतो, जमीन ओली असली तरी. कंपनीच्या माहितीपत्रकात लाल मातीतल्या द्राक्षबागेचे फोटो होते. आमच्यासारख्या भारी काळ्या जमिनीत या सळया बसवताना ओल्या मातीचा गारा करून दाबून बसवाव्या लागतात, आणि उन्हाळ्यानंतर पुन्हा पाहाव्या लागतात. बसवायला आलेल्या मुलाला हे माहीत नव्हतं. भारी काळ्या जमिनीत बसवायचा अनुभव आहे का, हे घेण्याआधीच विचारा.

पावसाचा अंदाज सुधारला का, हे सगळे विचारतात. झड लावणारा पाऊस आमच्याकडे बहुतेक बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यातून येतो, ओडिशा-छत्तीसगडवरून सरकत. तो तीन-चार दिवस आधी कोणत्याही बऱ्या मॉडेलला दिसतो. त्यासाठी पैसे देऊन अंदाज घ्यायची गरजच नाही, हवामान खात्याचा फुकट अंदाज पुरेसा आहे. आणि वळवाचा, गडगडाटाचा पाऊस? तो एका शिवारात पडतो आणि नाल्यापलीकडे नाही. आमचा खांब तो पडल्यावरच सांगतो. कोणी "तुमच्या वावरात उद्या 4 वाजून 20 मिनिटांनी पाऊस" असं दाखवत असेल तर विश्वास ठेवू नका, मग ते कितीही सुंदर नकाशावर दाखवलेलं असो.

अशा पावसासाठी रडार लागतं. नागपूरला हवामान खात्याचं डॉपलर रडार आहे, त्यावरून पुढच्या तीन तासांच्या सूचना निघतात आणि त्या मी आवर्जून पाहते. पण त्याचीही मर्यादा समजून घ्या. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वाकत जाते. नागपूरहून मोर्शीपर्यंत शंभरेक किलोमीटरवर येईपर्यंत सगळ्यांत खालचा किरणसुद्धा आमच्या डोक्यावरून दीड ते दोन किलोमीटर उंचीवर असतो. उंच गडगडाटी ढग त्याला छान दिसतो, खालच्या थरातली भुरभुर सुटून जाऊ शकते. इथे आमच्यासारख्या खांबांची मोजणी कामाची ठरते, कारण रडारने ढगात पाहिलेलं आणि जमिनीवर खरोखर पडलेलं यांचा मेळ जमिनीवरच्या पर्जन्यमापकाशिवाय बसत नाही.

विजेसाठी दामिनी हे ॲप घ्या, ते पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे आणि फुकट आहे. ते मॉडेलवर चालत नाही, देशभर लावलेल्या यंत्रांनी प्रत्यक्ष पडलेली वीज पकडून 20 आणि 40 किलोमीटरच्या घेऱ्यात इशारा देतं. निंदणाला बाया वावरात असतात तेव्हा मी ते उघडंच ठेवते. वीज जवळ सरकताना दिसली की काम थांबवून सगळ्यांना घरात घेते, झाडाखाली थांबू देत नाही. यात वाद नको, आणि मजुरी कापायचा विचारही नको.

हवामान खातं आणि कृषी संशोधन परिषद यांचं मेघदूत ॲप 2019 पासून आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला येतो, मराठीत, पिकाप्रमाणे. आमच्या भागातल्या पिकांचा सल्ला अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशींना धरून असतो. यातला अंदाज वाचताना "तुरळक ठिकाणी" म्हणजे भागातल्या चौथाईपेक्षा जास्त केंद्रांवर पाऊस नाही, आणि "मुसळधार" म्हणजे 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे, एवढं ध्यानात ठेवलं तर निम्मी नाराजी कमी होईल. सकाळी 8:30 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 8:30 हा त्यांचा पावसाचा दिवस. आमच्या यंत्राचा दिवस रात्री 12 ला बदलतो, त्यामुळे दोघांचे आकडे सरळ जुळवू नका. मी ॲपमध्ये वेळ निवडून त्यांच्याप्रमाणे बेरीज काढते.

आणखी एक सवय लावून घेण्यासारखी आहे. जगभरचे मुख्य फुगे आपल्या वेळेप्रमाणे पहाटे 5:30 आणि संध्याकाळी 5:30 च्या सुमाराचे असतात. पहाटेच्या मोजमापांवर चाललेला अंदाज ॲपवर येईपर्यंत दुपार होते, संध्याकाळचा मध्यरात्रीकडे. सकाळी उठून मोबाइल पाहतो तो आदल्या संध्याकाळच्या हवेवर काढलेला असतो. फवारणी, मळणी, संत्र्याची तोड असली निर्णयाची कामं असतील तर जेवणानंतर पुन्हा एकदा पाहा.

2025 चा जून इथल्या कास्तकारांनी विसरू नये. मान्सून 24 मे रोजी केरळात आला, 26 ला मुंबईत. आमच्याकडेही मे मध्ये अवकाळी बऱ्यापैकी झाला, वखरलेली जमीन ओली दिसत होती, आणि गावात बियाण्याच्या दुकानात गर्दी सुरू झाली. त्यानंतर महिनाअखेरीस मान्सून थबकला तो जूनच्या मध्यापर्यंत. तो थबकणार हे आधी दिसत होतं. मॉडेलांचे दोन-तीन आठवड्यांचे अंदाज पुढे ओढ दाखवत होते, कृषी विभाग पेरणीची घाई करू नका म्हणून सांगत होता. त्याच हंगामात केंद्र सरकारने 13 राज्यांतल्या सुमारे 3 कोटी 80 लाख शेतकऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलवरून मान्सूनच्या आगमनाचे अंदाज मोबाइलवर पाठवले, आणि तो खंड त्यांतही दिसला होता. आमच्या गटाने दोन गोष्टी जुळवल्या: अंदाजात पुढे खंड आहे का, आणि यंत्रावर 75 ते 100 मिलिमीटर पेरणीयोग्य पाऊस झाला का. दोन्ही होकार मिळेपर्यंत सोयाबीनची पिशवी फोडायची नाही असं ठरवलं आणि पाळलं. पेरणी उशिरा झाली, पण दुबार करावी लागली नाही. दुबार पेरणी म्हणजे बियाणं, खत, मजुरी सगळं दुसऱ्यांदा, आणि ते बहुतेक उसनं काढून.

आता नवे विक्रेते "एआयचा अंदाज" म्हणून जास्त वर्गणी मागतात. ही मॉडेलं चांगली आहेत. युरोपच्या केंद्राने फेब्रुवारी 2025 पासून स्वतःचं तसं मॉडेल रोजच्या कामात घेतलंय. पण तेही सुरुवात करतं त्याच असिमिलेशनने जुळवून दिलेल्या आजच्या हवेपासून. मोजमापं कमी झाली तर एआयही आंधळं होईल. आपल्याकडे 26 मे 2025 ला भारत फोरकास्ट सिस्टीम ही अंदाजाची नवी यंत्रणा सुरू झाली. तिचे चौकोन 6 किलोमीटरचे आहेत, आधीचे 12 चे होते. म्हणजे आधी एका आकड्यात 144 चौरस किलोमीटर यायचे, आता 36. पुण्याच्या आयआयटीएमचा अर्क नावाचा महासंगणक त्यासाठी चालतो. आमचा डोंगर आणि आमचं खोलगट अजूनही एकाच चौकोनात पडू शकतात, पण सिंभोऱ्याचं धरण आणि सालबर्डीचा घाट तरी वेगवेगळे मोजले जातात.

देखभालीबद्दल कोणी बोलत नाही. सगळं गणित ज्या मोजणीवर उभं आहे ती नरसाळ्यातून सुरू होते, म्हणून तिथलं थोडं सविस्तर लिहिते. नरसाळ्याखाली झोका घेणारी दोन कप्प्यांची छोटी डोणी असते. एक कप्पा भरला की ती कलंडते, दुसरा वर येतो, आणि प्रत्येक कलंडणं म्हणजे 0.2 मिलिमीटर पाऊस. आमच्या नरसाळ्यात संत्र्याची वाळकी पानं पडतात, साळुंक्या खांबावर बसून घाण करतात, आणि पावसाळ्याआधी गांधीलमाशीने भोकात मातीचं घर केलेलं असतं. पानाचा एक तुकडा भोकावर आडवा बसला की पाणी थेंबथेंब खाली जातं. मग मुसळधार पाऊस यंत्राला रात्रभर चाललेली भुरभुर वाटतो, आणि भोक पुरतं बुजलं तर शून्य. दर पंधरवड्याला मी शिडी लावून चढते, झाकण काढते, जुन्या दात घासायच्या ब्रशने डोणीचे दोन्ही कप्पे साफ करते, तेल लावत नाही. मग तपासणी. आमच्या नरसाळ्याचं तोंड 20 सेंटिमीटर व्यासाचं आहे, म्हणजे 314 मिलिलिटर पाणी म्हणजे बरोबर 10 मिलिमीटर पाऊस. औषधाच्या मापाने तेवढं पाणी घेऊन ते सलाइनच्या नळीने हळूहळू सोडते, कारण एकदम ओतलं तर डोणी चुकते. डोणी 50 वेळा कलंडली पाहिजे. 48 ते 52 मध्ये असेल तर मी समाधानी. पुतण्या खाली बसून टकटक मोजतो आणि वहीत लिहितो. तापमानाच्या चकत्यांवरची धूळही पुसावी लागते. त्या मळल्या की दुपारचं तापमान जास्त यायला लागतं.

हे करणारं घरचं माणूस नसेल तर यंत्र घेऊ नका. चुकीची मोजणी अंदाजात मिसळली तर अंदाज सुधारायचा सोडून बिघडतो, आणि ॲपवर तो तितक्याच टापटीप रंगात दिसतो.

आणखी एक, विम्याबद्दल. फळपीक विम्याची नुकसानभरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या ठरवून दिलेल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पातून 2017 पासून मंडळनिहाय ही केंद्रं उभी राहिली. आपल्या खाजगी यंत्राचा आकडा तिथे धरत नाहीत. विकणारा "विम्यात कामी येईल" म्हणाला तर लेखी मागा.

घेताना मी आज हे विचारीन: यंत्राची मोजणी अंदाजात कशी आणि कोणत्या घटकांसाठी मिसळता, ती आमच्या खात्यावर पहिल्या दिवसापासून चालू असेल का, अंदाजाचं मूळ मॉडेल कोणतं, आणि मागच्या महिन्याचा अंदाज व प्रत्यक्ष मोजणी शेजारीशेजारी दाखवणारं पान आहे का. हे शेवटचं पान आमच्या ॲपमध्ये मागणी करून मिळालं. जी कंपनी ते दाखवायला तयार नसेल तिची वर्गणी भरू नका. सगळी नोंद फाइलमध्ये उतरवून घेता येते का, हेही पाहा. आमची येते, आणि ती मी दरमहा काढून ठेवते. वर्गणी बंद झाली तरी आकडे आपल्याकडे राहतात.

यंत्राला मी पाचपैकी चार देईन, एक सळयांमुळे कमी. अंदाजाला दुरुस्ती चालू करण्याआधी दोन, नंतर साडेतीन. मदत केंद्राला तीन.

गटाने या वर्षी वर्गणी पुन्हा भरायचं ठरवलंय. दुसरं यंत्र मात्र घेणार नाही. त्याऐवजी डोंगराकडच्या आणि नदीकडच्या वावरांत साधे हाताने मोजायचे पर्जन्यमापक लावतोय, ज्यांची नोंद सकाळी 8:30 ला वहीत होईल. खेड, रिद्धपूर, हिवरखेड या बाजूला कोणाकडे असं यंत्र किंवा नुसता पर्जन्यमापक असेल आणि रोजचा आकडा द्यायची तयारी असेल, तर कळवा. आमचे सगळे आकडे आम्ही द्यायला तयार आहोत, फुकट.